पवई, परळ आणि दोडामार्ग

(दोडामार्ग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपलं वाचनालय ही व्याख्यानमाला चालवतं, ते विज्ञान शिकवीत. म्हणून विषय निवडताना मी थोडी मोकळीक घेतली आहे. कर्करोगाची लक्षणं, पथ्यपाणी यांवर आज बोलणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठातला संशोधक आणि रुग्णालयातला डॉक्टर एकाच कामाला लागले की काय घडतं, आणि त्या कामात दोडामार्गासारख्या तालुक्याची जागा कुठली, याविषयी मला बोलायचं आहे.

हे दोडामार्गकरांना समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. २०१६ च्या सुरुवातीला केर गावात माकडतापाचे रुग्ण सापडले, ते आठवतंय ना? ऐन काजूच्या हंगामात माणसं तापानं फणफणत होती आणि रानात माकडं मरून पडत होती. ताप डॉक्टरांना दिसला. पण हा ताप क्यासनूरचा, १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेलेला, हे नुसती नाडी बघून कळणारं नव्हतं. ते प्रयोगशाळेनं सांगितलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे रक्ताचे नमुने गेले. मेलेली माकडं, पाचोळ्यातल्या गोचिडी यांचाही अभ्यास झाला. गाव, दवाखाना आणि प्रयोगशाळा अशी साखळी जुळली तेव्हा काजूच्या बागेत जाताना अंगाला काय लावायचं, लस कुणाला द्यायची, हे ठरवता आलं.

कर्करोगाची गोष्ट याच साखळीची आहे. फरक काळाचा. तापाचं उत्तर आठवड्यांत मिळतं, कर्करोगाचं मिळायला दहा-वीस वर्षं लागतात. तेवढा काळ साखळी तुटू न देणं हेच या संशोधनातलं सगळ्यांत अवघड काम आहे, असं मी मानतो.

परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या पॅथॉलॉजी विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या आडनावातली खानोली इथून फार दूर नाही, वेंगुर्ले तालुक्यात आहे. लंडनमध्ये शिकून आलेल्या या माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीवर समाधान नव्हतं. ही गाठ या माणसाला, याच जागी का झाली, हा प्रश्न ते धरून बसत. १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीय माणसाच्या सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यात मांडले होते. कमरेला धोतर वर्षानुवर्षं करकचून बांधल्यानं तिथल्या त्वचेला होणारा, खालच्या ओठाच्या आत तंबाखू-चुन्याची चिमूट धरल्यानं होणारा, आणि चुट्टा नावाचा चिरूट उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढल्यानं टाळूला होणारा. विचार करा, हे शोधायला कोणतं यंत्र लागलं? रुग्णाला त्याच्या कपड्यांबद्दल, खाण्यापिण्याबद्दल नीट विचारावं लागलं, आणि त्याचं उत्तर स्लाइडवर दिसणाऱ्या पेशीशी ताडून पाहावं लागलं. खाटेशेजारचा प्रश्न आणि प्रयोगशाळेतलं निरीक्षण एकाच टेबलावर आलं.

१९५२ मध्ये रुग्णालयाच्या जोडीला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे प्रमुख झाले. पुढे मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपदही त्यांनी सांभाळलं. रुग्णालय, संशोधन केंद्र आणि विद्यापीठ ही तिन्ही घरं आतून पाहिलेला माणूस आपल्याला लाभला होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे या पुण्याच्या. डॉक्टर नव्हेत, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकून आलेल्या. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली होती. तीच नजर त्यांनी कर्करोगाच्या पेशींकडे वळवली, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पेशीसंवर्धनाचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन इथे त्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगात संप्रेरकं, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा ध्यास. सीताफळ अभ्यासणाऱ्या मुलीला कर्करोगाच्या रुग्णालयात जागा मिळाली, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती. आज दोडामार्गाच्या हळबे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीला अशी वाट आहे हे कुणी सांगतं का, मला शंका आहे.

रुग्णालय आणि संशोधन केंद्र १९६६ मध्ये एका छत्राखाली आले, त्याचं टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्याच वर्षी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणू आणि गणित यांचा अभ्यास चालतो, डॉ. फली मेहता यांच्या दंतसंशोधन विभागाचं काम सुरू झालं. दंतवैद्य आणि प्रकाश गुप्ता यांच्यासारखे संख्याशास्त्राचे अभ्यासक यांनी मिळून पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. १९७२ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. मशेरी, तंबाखू, विडी यांच्या आणि तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांच्या नात्याविषयी आज आपण सहज बोलतो, त्यामागे दारोदार फिरून तोंडं उघडायला लावणाऱ्या त्या माणसांचे कष्ट आहेत.

आता अलीकडची गोष्ट. ही मी थोडी सविस्तर सांगणार आहे, कारण जोडकामाचा इतका स्वच्छ नमुना आपल्याकडे दुसरा नाही.

रक्ताच्या कर्करोगाचे काही प्रकार बी-पेशींपासून उद्भवतात. या पेशींच्या अंगावर सीडी-१९ नावाचं एक प्रथिन असतं. आपल्या रक्तात टी-पेशीही असतात, त्यांचं काम शत्रूला ओळखून मारण्याचं. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात नवं जनुक घालतात, आणि सीडी-१९ ओळखणारा ग्राहक त्यांच्या अंगावर उगवला की त्या वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडतात. अमेरिकेत या औषधाची किंमतच तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाते. आपल्या माणसांच्या दृष्टीनं ते नसल्यातच जमा.

डॉ. राहुल पुरवार २०१३ मध्ये पवईच्या आयआयटीत रुजू झाले. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्राहक इथेच घडवायचं ठरवलं. पण आयआयटीत रुग्ण नसतो. परळला आणि खारघरला टाटाच्या डॉक्टरांकडे रुग्ण होते, पण जनुक घालणारा विषाणू बनवण्याचं तंत्र नव्हतं. प्रौढांसाठी डॉ. हसमुख जैन, मुलांसाठी डॉ. गौरव नरुला आणि त्यांचे सहकारी या कामात आले. २०१८ मध्ये आयआयटीतूनच इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. ४ जून २०२१ रोजी टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. नाव नेक्सकार-१९. किंमत सुमारे चाळीस लाख. परदेशाच्या मानानं खूप कमी. दोडामार्गातल्या काजू बागायतदाराच्या मानानं अजूनही डोंगराएवढी. हे दोन्ही एका श्वासात म्हणायला हवं.

मला यातला एक धागा विशेष मोलाचा वाटतो. या पेशी शरीरात लढायला लागल्या की जबरदस्त ताप येतो, रक्तदाब कोसळतो, कधी मेंदूवर परिणाम होतो. मग अतिदक्षता विभाग, महागडी इंजेक्शनं. डॉक्टरच्या दृष्टीनं त्या प्रत्येक दिवसाचा अर्थ रुग्णाच्या घरचं आणखी एक कर्ज. पवईच्या चमूनं ग्राहकाची रचना मानवी प्रथिनाच्या जवळ नेली, हे तीव्र परिणाम कमी व्हावेत म्हणून. केवळ प्रयोगशाळेत बसून ‘किती पेशी मेल्या’ एवढंच मोजलं असतं, तर या रचनेला इतकं महत्त्व कुणी दिलं असतं का? मार्च २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. काही महिन्यांत आजार उलटलेले रुग्णही त्यात पुष्कळ होते. म्हणजे काम संपलेलं नाही. आजार का उलटला याचं उत्तर शोधायला त्याच रुग्णांचं रक्त पुन्हा पवईला जायला हवं, आणि डॉक्टरनं ते जपून पाठवायला हवं.

जपून पाठवणं, या दोन शब्दांवर मी जरा रेंगाळणार आहे. माझं आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ आमच्याकडे यायची. सोबतच्या कागदावर वय, लिंग आणि ‘गाठ’ एवढंच. किती दिवसांची, कुठली, आधी कोणतं औषध दिलं, काही नाही. कधी ती गाठ मिठाच्या पाण्यात यायची, कधी इवल्याशा बाटलीत कोंबलेली. तुम्ही कोकणातली माणसं आहात. बर्फाविना दुपारपर्यंत ठेवलेल्या बांगड्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गाठीचंही तेच. शरीराबाहेर काढल्यावर तासाभरात ती फॉर्मॅलिनमध्ये पडली नाही, तर तिच्यावरची प्रथिनं बिघडतात. स्तनाच्या कर्करोगात कोणतं औषध द्यायचं हे त्या प्रथिनांवरून ठरतं. जगातलं सर्वांत महागडं यंत्र आणलं तरी बिघडलेला तुकडा खरं बोलत नाही. त्यामुळे कर्करोगाच्या संशोधनातली पहिली संशोधक कोण असं विचाराल, तर ऑपरेशन थिएटरमधली ती सिस्टर, जिनं घड्याळ पाहून बाटलीवर वेळ लिहिली. तिचं नाव कोणत्याही निबंधावर छापलं जात नाही, आणि ते छापलं जावं असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या शहरांबद्दल एवढं पुरे. आता बार्शीला जाऊ.

सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी हे काही विद्यापीठाचं गाव नाही. तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभं राहिलं, डॉ. भगवान नेने यांनी त्याला जीव लावला, आणि १९८७ साली टाटाच्या मदतीनं भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. मुंबईत नोंदणी १९६३ पासून होती. पण शहरात नोंदणी करणारा रुग्णालयांत जाऊन कागद पाहतो. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसे, मग कागद कुठून येणार? म्हणून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरू लागले. सरपंच, शिक्षक, वैदू, दाई यांना भेटायचं. कुणाला न भरणारी जखम आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का, विचारायचं. आणि ज्याच्याविषयी शंका येईल त्याला रुग्णालयात आणायचं. नोंद करता करता उपचारही सुरू झाले. गावाला त्यातून काहीतरी मिळालं, म्हणून गावानं दार उघडलं.

त्या पायावर पुढचं काम उभं राहिलं. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं रुग्णालय, टाटा आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत नुसतं व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं, आणि एका गटात यातलं काहीच नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४. आज जगभर या तपासणीचे नियम ठरवताना मराठवाड्यातल्या या बायकांचा दाखला दिला जातो.

पण ते ६४ मृत्यू मला वाचताना अडवतात. तपासणी नसलेल्या गटातल्या स्त्रियांना माहिती दिली होती, सेवा कुठे मिळते ते सांगितलं होतं. तरी, उपयोग होण्याची शक्यता ठाऊक असलेली तपासणी एका गटाला न देणं योग्य होतं का, असा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला. तो प्रश्न विचारणाऱ्यांचं बोलणं मला पटतं. अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी, की त्या काळी तिथल्या बायकांना कोणतीच तपासणी मिळत नव्हती आणि पुराव्याशिवाय सरकार हलत नाही. तीही खोटी नाही. यातून माझा निष्कर्ष इतकाच, की विद्यापीठ आणि रुग्णालय एकत्र बसतात त्या टेबलावर तिसरी खुर्ची गावाची हवी. अभ्यास कसा करायचा हे ठरत असताना ती भरलेली हवी, संमतिपत्रावर अंगठा घेताना नव्हे.

आता आपल्या तालुक्याकडे वळतो.

सावंतवाडीतून वेगळा होऊन १९९९ मध्ये हा तालुका झाला. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. आजारी माणूस वर जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला कमीच जातो. घरात पहिलं वाक्य येतं, ‘बांबुळीक न्हेवक व्हया.’ बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची, म्हणजे गोमेकॉची, परंपरा १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते, आणि आपल्या कित्येक कुटुंबांवर त्या संस्थेचे उपकार आहेत. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा इथे किती खळबळ उडाली ते तुम्ही पाहिलं आहे. २०२१-२२ पासून ओरोसला आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तरी कर्करोग म्हटला की एकाच माणसाचे कागद चार ठिकाणी विखुरतात. सोनोग्राफी म्हापशाला, तुकडा बांबोळीला, केमो कोल्हापूरला किंवा बेळगावला, दुसरं मत परळला. प्लॅस्टिकच्या पिशवीत स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक घेऊन मुलगा रात्रीच्या गाडीत बसतो. माणूस दगावला तर ती पिशवी माळ्यावर जाते. त्या पिशवीत एका संपूर्ण आजाराचा इतिहास असतो, आणि महाराष्ट्राला तो पुरता कळत नाही, गोव्यालाही नाही.

याचा परिणाम काय होतो ते एका प्रश्नावरून सांगतो. काजूच्या बागेत, केळी-अननसाच्या लागवडीत तणनाशक फवारतात. त्यातल्या ग्लायफोसेटला २०१५ मध्ये लिआँच्या त्याच संस्थेनं ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात टाकलं. मग आपल्याकडे फवारणीमुळे कर्करोग वाढतोय का? मी आज हो म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवाल, नाही म्हणालो तरी ठेवाल, आणि दोन्ही वेळा मी तुमची फसवणूक केलेली असेल. ढोबळ हिशेब करा. वर्षाला लाखामागे पन्नास ते शंभर नवे रुग्ण धरले, तर या तालुक्यात पंचवीस ते पन्नास. त्यात तोंडाचे, स्तनांचे, गर्भाशयमुखाचे, रक्ताचे असे वाटे केले की प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर. एवढ्या संख्येवरून वाढ झाली की योगायोग, हे कोणताही संख्याशास्त्रज्ञ सांगू शकत नाही. त्यासाठी साडेआठ लाखांचा सबंध सिंधुदुर्ग हवा, आणि सीमेपलीकडचे डिचोली, सत्तरी, पेडणे हवेत. तिथली माती, बागा, फवारणी आणि खाणं आपल्यासारखंच आहे. सीमा फक्त कागदाला आडवी येते.

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. इमारती मागणारे खूप आहेत. ओरोसचं महाविद्यालय, बांबोळीचं गोमेकॉ, त्याच्या शेजारच्या ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आपली महाविद्यालयं यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची एकच कर्करोग नोंदणी करावी. देशभरची रुग्णालयं जोडणारं राष्ट्रीय कर्करोग जाळं टाटानं २०१२ पासून उभारलं आहे. उपचारांची आणि नोंदींची सामाईक पद्धत तिथून घेता येईल. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानं टाटाच्या साथीनं कोकणातल्या गावांत तपासणीचं काम करून दाखवलं आहे, त्यांना बोलवा. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून हे आकडे द्या. नावं झाकून द्या, त्यात हयगय नको. लहान गावात रोगाचं नाव बाहेर फुटलं तर मुलीचं लग्न मोडतं. आशाताईंना या कामाचे वेगळे पैसे द्या. सेवा म्हणून करा, असं त्यांना सांगणं आता थांबवायला हवं. कुणाच्या घरी कोण झुरतंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि वाचनालयाच्या मंडळींना करता येईल असं एक काम आहे. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही. तुमच्या गावातला कुणी बांबोळीहून, कोल्हापूरहून, मुंबईहून उपचार घेऊन परतला, की घरी गेल्यावर सवडीनं त्याला विचारा, आणि त्याची तयारी असेल तर डिस्चार्ज कार्डाची आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची एक झेरॉक्स साटेली-भेडशीच्या किंवा तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात बंद पाकिटात नेऊन द्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते पाकीट नाकारलं, तर ज्या ग्रामसभेनं रस्त्याचे ठराव केले तिनं याचा ठराव करावा. पाच वर्षांनी एखादी संशोधक मुलगी ओरोसहून किंवा ताळगावहून आकडे मागायला आली, तर तिच्यापुढे ठेवायला दोडामार्गाकडे काहीतरी असेल.